वैध मृत्युपत्र : कायद्याच्या अटी



संपत्तीची निर्मिती व वितरण हे अर्थशास्त्राचे नेहमीचे विषय. एका पिढीकडून दुसरीकडे होणारे तिचे संक्रमण मात्र अभ्यासक्रमात क्वचितच येते. म्हणून आज मृत्युपत्राविषयी.

माझे एक नातेवाईक निवृत्त शिक्षक होते. राहते घर पत्नीला मिळावे, असे त्यांनी स्वहस्ते लिहून ठेवले. साक्षीदार म्हणून मात्र शेजाऱ्यांची एकच सही घेतली. त्यांच्या पश्चात तो कागद निरुपयोगी ठरला. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ नुसार पत्नी व तीन मुले समान वाटेकरी झाली आणि त्या माउलीच्या वाट्याला राहत्या घराचा केवळ चौथा हिस्सा आला.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या अटी मोजक्याच आहेत. कलम ५९ नुसार मृत्युपत्र करणारी व्यक्ती सज्ञान व सुदृढ मनाची असावी. कलम ६१ नुसार फसवणुकीने वा बळजबरीने करवून घेतलेले मृत्युपत्र शून्यवत ठरते. कलम ६३ नुसार त्यावर कर्त्याची सही अथवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन हवे. प्रत्येक साक्षीदाराने कर्त्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही सही माझीच’ अशी कबुली त्याच्याकडून घेतलेली असावी, आणि स्वतः कर्त्यासमक्ष सही करावी. दोघे एकाच वेळी हजर असणे आवश्यक नाही.

मुस्लिम व्यक्तीला या अटी लागू नाहीत. तिचे मृत्युपत्र तोंडीही असू शकते. मात्र वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशाहून अधिक संपत्ती त्याद्वारे देता येत नाही.

मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. परंतु नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र आपोआप सिद्ध होत नाही. न्यायालयात किमान एका हयात साक्षीदाराची साक्ष सामान्यतः लागतेच. लाभार्थ्यानेच मृत्युपत्र घडवून आणण्यात पुढाकार घेतला असेल, तर संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच स्पष्ट केले. नामनिर्देशन हाही मृत्युपत्राला पर्याय नव्हे. समभागांचा नामनिर्देशित व्यक्ती त्यांचा मालक होत नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला.

परीक्षेसाठी ही कलमे लक्षात ठेवाच. पण घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांच्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत ना, हेही पाहा.