स्तंभावरची नावे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



१ जानेवारीला कोरेगाव भीमाला आपल्यातले बहुतेक जण जाऊन आलेत. आम्ही मिलवाले रात्रपाळी उरकून ट्रकने निघायचो. स्तंभाला मानवंदना द्यायची, घोषणा द्यायच्या, पुस्तकांच्या स्टॉलवर रेंगाळायचं आणि परत. अशा कितीतरी खेपा झाल्या, पण स्तंभावर काय कोरलंय ते आम्ही कधी धड वाचलं नव्हतं. खोटं कशाला बोला?

एकदा सोबतच्या पोराने विचारले, "काका, हे सगळं नाक-नाक काय आहे?" तेव्हा आम्ही चष्मा लावला. अंबनाक काननाक. रूपनाक लखनाक. मारल्या गेलेल्या ४९ जणांची नावे तिथे आहेत, त्यांतली २२ 'नाक' लागलेली. ती आपली माणसे. बाकीची इतर समाजाची, तीही शिपाईच. स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या फौजेची वाहवा करायला उभारला, हे आम्हाला ठाऊक आहे. पुढे १८९२ च्या सुमारास त्याच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पण ज्या काळी सावलीचाही विटाळ व्हायचा, त्या काळी लेकाचे आणि बापाचे नाव जोडीने दगडावर आले! आईचे नाव मात्र नाही. मागे घरी कोण रडले, तेही नाही.

आता त्या दिवसाचे ऐका. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून आठशेच्या आसपास माणसे निघाली. रात्रभर चालून सकाळी कोरेगावला पोचली, तर समोर पेशव्यांची फौज. विसावा नाही, पोटात अन्न नाही, दिवसभर लढाई. भीमा नदी जवळच, पण पाण्यापर्यंत जाता येईना. रात्र पडली तेव्हा कुठे पाणी मिळाले. तोवर कितीजण कोरड्या घशाने गेले असतील?

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला या स्तंभापाशी आले आणि २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर गेले. दोहोंचा संबंध काय, ते विद्वानांनी ठरवावे. आम्हाला तळ्याचे नाव निघाले की ती तहान आठवते.

येत्या १ जानेवारीला विहारातली मुले वही-पेन्सिल घेऊन येणार आहेत. प्रत्येकाने एकेक नाव उतरवायचे आणि घरी आजीला वाचून दाखवायचे. गर्दी फार असते, पोरांचे हात सोडू नका. आणि पाण्याची बाटली ज्याची त्याने भरून घ्या.

जयभीम!