अपूर्णांकाचे रूप आणि मोल

(किनवट तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



फळ्यावर 1/2 आणि 4/8 हे दोन अपूर्णांक लिहून ‘यांत मोठा कोणता?’ असे विचारले असता पाचवीच्या वर्गातील कितीतरी मुले 4/8 कडे बोट दाखवितात. चार हा एकाहून मोठा आणि आठ हा दोहोंहून मोठा, एवढाच त्यांचा हिशेब असतो. त्याच मुलांना 4/8 चे संक्षिप्त रूप विचारावे, तर ती चारावर व आठावर रेघ मारून 1/2 हे उत्तर बिनचूक लिहितात. उत्तर बरोबर येते. परंतु दोन्ही अपूर्णांकांचे मोल एकच आहे, ही गोष्ट त्यांच्या मनाला शिवलेलीही नसते. रीत आली, अर्थ आला नाही. हा दोष मुलाचा नव्हे, क्रमाचा आहे.

छेद म्हणजे कापणे. एका पूर्णाचे किती समान भाग केले हे छेद सांगतो. त्यांपैकी किती घेतले हे अंश सांगतो. एका भाकरीचे दोन समान भाग करून एक घेतला काय, किंवा तेवढ्याच भाकरीचे आठ समान भाग करून चार घेतले काय, ताटात सारखीच भाकरी येते. तुकडे चौपट झाले, पण प्रत्येक तुकडा एकचतुर्थांश झाला. सममूल्य अपूर्णांकांचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

याची उदाहरणे शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट तालुका हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या राज्याचे स्वतःचे नाणे होते, त्यास हाली म्हणत. भारत सरकारच्या रुपयास कलदार म्हणत. 7 हाली रुपयांस 6 कलदार रुपये असा भाव होता. म्हणजे एक हाली रुपया हा कलदार रुपयाच्या 6/7. कोणी 14 हाली दिले तर 12 कलदार, 35 दिले तर 30, आणि 70 दिले तर 60 मिळावयाचे. 6/7, 12/14, 30/35, 60/70. रूपे चार, भाव एक. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही हे उमगणे भाग होते, कारण न उमगल्यास पदरचा पैसा जात असे.

पुढे 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 16 आणे जाऊन 100 नवे पैसे आले. चार आण्यांचे 25, आठ आण्यांचे 50, बारा आण्यांचे 75 असे पूर्ण नवे पैसे झाले. 4/16 आणि 25/100 हे दोन्ही पावच. एका आण्याचे मात्र सव्वासहा नवे पैसे होत, म्हणून व्यवहारात 6 धरावे लागले. 100 ला 16 ने पूर्ण भाग जात नाही, हे त्याचे कारण. वरच्या वर्गातील चलाख मुलांना हा प्रश्न अवश्य घालावा.

शेतीचा हिशेब तर आजही घराघरात आहे. एका एकराचे 40 गुंठे. 10 गुंठे म्हणजे 10/40, अर्थात पाव एकर. 30 गुंठे म्हणजे पाऊण एकर. वाटणीच्या कागदावर एका भावास 1/3 आणि दुसऱ्यास 4/12 लिहिले असेल, तर दोघांना सारखेच मिळाले हे ज्यास कळत नाही, तो विनाकारण भांडतो. आणि 3/12 लिहिलेले असता त्यास 1/3 समजून जो अंगठा देतो, तो जन्माचा फसतो. (‘सातबारा’ हा मात्र अपूर्णांक नव्हे, गाव नमुना 7 व गाव नमुना 12 यांचे ते जोडनाव आहे, हेही मुलांना सांगून ठेवावे.)

आता संक्षेपाकडे वळावे. ‘वरचे खालचे काटा’ असे वर्गात सर्रास सांगितले जाते. या शब्दाने मुलास वाटते की काही तरी नाहीसे केले. खरे पाहता संक्षेप म्हणजे लहान भागांचे सारखे गठ्ठे बांधणे. 30/40 मध्ये गुंठ्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले, तर चाळिसांचे 4 आणि तिसांचे 3 गठ्ठे होतात, म्हणून 3/4. 24/36 मध्ये मसावि 12 आहे, त्याने भागल्यास एकदम 2/3 येतात. मंद गतीच्या मुलाने प्रथम 2 ने भागून 12/18, पुन्हा 2 ने 6/9 आणि शेवटी 3 ने 2/3 असे केले, तरी ते तितकेच शुद्ध आहे. अंश व छेद यांस 1 वाचून दुसरा सामाईक विभाजक उरला नाही, म्हणजे काम संपले.

नुसत्या रेघा मारण्याचा धोका दाखविण्यास दोन उदाहरणे पुरेत. 16/64 मधील दोन्ही सहा खोडले तर 1/4 उरतात, आणि उत्तर योगायोगाने खरे ठरते. त्याच रीतीने 12/24 मधील दोन्ही दोन खोडले तरी 1/4 च उरतात; खरे उत्तर मात्र 1/2 आहे. तसेच 1/2 च्या अंशात व छेदात दोन-दोन मिळविले तर 3/4 होतात, म्हणजे अर्ध्याची पाऊण होते. गुणिले वा भागिले असता मोल टिकते. मिळविले वा वजा केले असता बिघडते. हे शिक्षकाने सांगण्यापेक्षा मुलांनी करून पाहावे.

पाठाचा क्रम असा ठेवावा. पहिल्या दिवशी कागदाच्या पट्टीची मधोमध घडी घालून अर्धा भाग रंगवावा. मग पुन्हा एक घडी, पुन्हा एक. 1/2, 2/4, 4/8 असे लिहीत जावे. घड्या वाढतात, रंग तेवढाच राहतो. दुसऱ्या दिवशी भाकरी, गुंठे व पैसे यांची उदाहरणे घ्यावी. नियम तिसऱ्या दिवशी, आणि तोही मुलांच्या तोंडून यावा. या तालुक्यात गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू बोलणारी मुले एका बाकावर बसतात. त्यांच्या घरच्या बोलीत अर्ध्याला व पावाला काय म्हणतात, ते आधी विचारावे आणि फळ्यावर लिहावे. घरी ठाऊक असलेलीच वस्तू शाळेत नव्या नावाने भेटते, असे मुलास वाटले म्हणजे अर्धी भीती जाते.

वही तपासताना उत्तरापाशी थांबू नये. ‘4/8 म्हणजे 1/2 कसे?’ असे विचारावे. मुलाने कागदाची घडी घालून दाखविली, तर ते शिकले. केवळ रेघ मारून दाखविली, तर पाठ पुन्हा घ्यावा. त्यात गेलेला एक दिवस वाया गेला असे समजू नये. पुढे बेरीज-वजाबाकी, दशांश आणि शेकडेवारी ही सारी प्रकरणे याच एका पायावर उभी राहावयाची आहेत.