सामन्याआधीची शेगडी



सामना बघायला निघालेल्या माणसाच्या पोटाची व्यवस्था आपल्या मुंबईत कशी होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. वाटेत एखादा वडापाव, फार तर सँडविच, आणि मग दारावरच्या रांगेत उभं राहायचं. घरचा डबा आत नेऊ देत नाहीत. आत जे मिळतं ते महाग असतं आणि हातात येईपर्यंत गार झालेलं असतं. अमेरिकेतल्या लोकांनी यावर आपला तोडगा काढला आहे. तिकडे त्यांच्या फुटबॉलच्या सामन्याआधी माणसं काही तास आधीच स्टेडियमच्या पार्किंगमध्ये येऊन बसतात. गाडीच्या मागची फळी खाली पाडायची, तिचंच टेबल करायचं, शेजारी शेगडी पेटवायची आणि भाजत भाजत खायचं. त्या फळीला म्हणतात टेलगेट. म्हणून ही टेलगेट पार्टी.

माझा भाचा, म्हणजे नणंदेचा मुलगा, दोन वर्षं तिकडे शिकून आला आणि येताना हे वेड घेऊन आला. नणंद राहते अंधेरी पश्चिमेला, आझादनगर मेट्रो स्टेशनजवळ. तिथून शहाजीराजे क्रीडा संकुल चालत गाठता येतं. २०१६ पासून मुंबई सिटी एफसीचे घरचे सामने तिथल्या मैदानावर होऊ लागले आणि या मुलांना एक हक्काचा संघ मिळाला. ‘मामी, तू कुकरीचे क्लास घेतेस ना? मग स्टार्टर तुझ्याकडे,’ असं सांगून तो मोकळा झाला. येणारी मंडळी पंधरा. त्यात घाटकोपरचे चार मित्र, पैकी दोघे जैन. एक बोरिवलीची मुलगी, तिचा संकष्टीचा उपास. आणि मी मुलुंडची.

आता अंधेरीत स्टेडियमबाहेर गाडीला जागा मिळणं हेच मुळात नवसाचं काम. तिथे डिकी उघडून शेगडी पेटवली तर आधी पोलीस येतील आणि मग बघे जमतील. म्हणून गाडी बाजूला ठेवली आणि नणंदेच्या सोसायटीच्या कंपाउंडकडे वळलो. गच्ची मी पहिल्याच बैठकीत बाद केली. २०१७ च्या डिसेंबरात लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली आणि १४ माणसं गेली. हुक्क्याच्या निखाऱ्याची ठिणगी हे त्या आगीचं संभाव्य कारण म्हणून तपासात पुढे आलं होतं. निखारा आणि वारा एकत्र आले की ठिणगी कुठे जाईल, हे आपल्या हातात राहत नाही. गच्चीवर वारा जास्त आणि उतरायला जिना एकच.

कंपाउंडसाठी सेक्रेटरींनी परवानगी दिली, पण अट घातली. बी विंगमध्ये तळमजल्यावर एक आजी राहतात. त्यांना दमा आहे. ‘धूर त्यांच्या खिडकीत गेला तर त्याच क्षणी शेगडी बंद,’ ते म्हणाले. मला ही अट मनापासून पटली. आपल्या हौसेचा धूर दुसऱ्याच्या छातीत जात असेल, तर त्या भाजण्याला चव कुठून येणार?

म्हणून आदल्या दिवशी मी चार वाजता जाऊन नुसती उभी राहिले. उपनगरांत दुपारनंतर वारा समुद्रावरून, म्हणजे साधारण पश्चिमेकडून येतो. बी विंग आहे मधोमध. शेगडी तिच्या पश्चिमेला मांडली असती तर सगळा धूर आजींकडे गेला असता. मी पूर्वेच्या भिंतीपाशी, जिथे पुढे मोकळा प्लॉट आहे, तिथे खडूने खूण केली. उदबत्ती लावून पाहिली. धूर प्लॉटकडे गेला.

दुसरी गोष्ट म्हणजे, कोळसा पेटताना जेवढा धूर करतो तेवढा नंतर करत नाही. पाहुणे आल्यावर शेगडी पेटवायची आणि धुरात भाजायला घ्यायचं, ही आपल्याकडची सार्वत्रिक पद्धत. तिने डोळे चुरचुरतात, आणि चिकन बाहेरून काळं नि आतून कच्चं राहतं. कोळसा लाकडी घ्यावा. पंधरा माणसांच्या स्टार्टरना दोन-अडीच किलो पुरतो. रॉकेलचं नाव काढू नये, त्याचा वास शेवटच्या घासापर्यंत पुरतो. नारळाच्या शेंड्या, करवंटीचे तुकडे आणि दोन कापराच्या वड्या यांवर कोळसा छान धरतो. मग अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. प्रत्येक कोळशावर पांढरी राख चढली आणि आतून लाली दिसली, की तो भाजायला तयार. सगळे निखारे एका बाजूला ओढायचे आणि दुसरी बाजू रिकामी ठेवायची. एका बाजूला कडक आच, दुसऱ्या बाजूला मंद. एखादा तुकडा पेटला की तो लगेच मंद बाजूला सरकवता येतो.

थोडं चवीविषयी सांगते, कारण यात एक मोठा गैरसमज आहे. कोळशाचा म्हणून जो स्वाद आपण म्हणतो, त्यातला बराचसा कोळशाचा नसतोच. मसाल्यातलं तेल, चिकनची चरबी, भाजीचा रस निखाऱ्यावर ठिबकतो, तिथे त्याचा धूर होतो आणि तो धूर वर येऊन तुकड्याला लागतो. म्हणून अगदी कोरडी भाजी जाळीवर ठेवली तर ती नुसती सुकते, आणि तेलात थबथबलेली ठेवली तर ज्वाळा उठतात. हातावर घेतल्यावर चिकटेल, पण ओघळणार नाही, इतपत मसाला असावा. दही घालायचं तर फडक्यात तासभर टांगून पाणी काढलेलं. त्यात चमचाभर भाजलेलं बेसन, म्हणजे मसाला धरून राहतो. मोहरीचं तेल, आलं-लसूण, तिखट, थोडा ओवा. पनीरला मीठ शेवटच्या पंधरा मिनिटांत लावावं, आधी लावलं की पाणी सुटतं. चिकन मऊ व्हावं म्हणून कच्च्या पपईचा कीस लावतात. तो किलोला दोन चमचे पुरे आणि तासाभराहून जास्त नको, नाहीतर मांसाचा लगदा होतो. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवलेल्या असाव्यात.

आणि तुकडे लहान, इंचभराचे. स्टार्टर म्हणजे जेवण नव्हे. चिकनची अख्खी तंगडी निखाऱ्यावर पाऊण तास घेते, तोवर सामना सुरू होतो. इंचाचा तुकडा दहा-बारा मिनिटांत होतो आणि माणूस उभ्या उभ्या खातो.

आता पंक्तीचा प्रश्न. घाटकोपर-मुलुंडला राहणाऱ्यांना हा मी समजावून सांगायला नको. एकाच मजल्यावर एक घर सुरमईचं, एक कांदा-लसूण नसलेलं आणि एक ‘बाहेर चालतं, घरात नाही’ असं. बहुतेक पार्ट्यांत शाकाहारी मंडळींना वेफर्स आणि सरबत देऊन गप्प बसवतात. ते हसून ‘चालेल हो’ म्हणतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. हे मी आमच्याच बिल्डिंगमध्ये पाहिलं आहे. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर आपण विश्वचषक जिंकला, त्या रात्री आमच्या मजल्यावरची झाडून सगळी घरं एका टीव्हीपुढे होती. पुढच्या वर्षी कोणीतरी हौसेने शेगडी आणली, एकाच जाळीवर आधी कबाब आणि मग पनीर भाजलं. त्यावरून दोन कुटुंबांचं बोलणं जे थांबलं, ते कित्येक महिने सुरू झालं नाही.

म्हणून अंधेरीला मी दोन शेगड्या मांडल्या. दोन जाळ्या, दोन चिमटे, दोन ब्रश. शाकाहारी शेगडी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे माशाचा धूर तिकडे जाणार नाही. आणि आधी तीच पेटवली. पहिली ताटली जैन मुलांच्या हातात गेली पाहिजे, यावर मी हटून बसले होते. त्यांना बटाटा, रताळं, कांदा, लसूण वर्ज्य, मग उरलं काय असं लोक विचारतात. कच्ची केळी उरली की! सालासकट अर्धी कच्ची उकडायची, सोलून जाड चकत्या करायच्या, त्यांना हिरवी मिरची, जिरं, लिंबू, कोथिंबीर आणि तेल लावायचं. निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडले की काढायच्या. बाहेरून खरपूस आणि आतून मऊ. शिवाय ढोबळी मिरची, पनीर, अननसाच्या फोडी आणि मक्याची कणसं. कणीस म्हणजे तर आपलं पावसाळी दैवत. बोरिवलीच्या मुलीसाठी रताळं उकडून, तूप-मीठ लावून वेगळ्या फॉइलमध्ये निखाऱ्याच्या कडेला सारलं.

दुसऱ्या शेगडीवर आधी कोळंबी. तिला आगळ, हळद, तिखट आणि ठेचलेला लसूण. प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं पुरतात, कोळंबी वळली आणि गुलाबी झाली की झाली. पुढे एक मिनिटसुद्धा ठेवली तर रबर. मग चिकन. ते मी नणंदेच्या फ्रिजमध्येच मुरवलं होतं आणि शेगडी तयार होईपर्यंत बर्फाच्या डब्यातून बाहेर काढलं नाही. आपल्या हवेत कच्चं चिकन तासन्‌तास टेबलावर ठेवणं म्हणजे सामना सोडून दवाखाना गाठणं. शिजलेल्या तुकड्याला कच्चा हात आणि कच्ची ताटली लावू नये. उरलेला मसाला वरून सोडायची तर फार वाईट खोड. सगळ्यात जाड तुकडा कापून बघावा, आत गुलाबी दिसलं तर परत जाळीवर. आतलं तापमान मोजायची सुई मिळते, ती घेतलीत तर ७४ अंश सेल्सिअस हा आकडा लक्षात ठेवा.

साडेपाचच्या सुमारास बी विंगची खिडकी उघडली. माझ्या पोटात गोळाच आला. आजी खिडकीशी आल्या, त्यांनी थोडा वेळ निरखलं आणि म्हणाल्या, ‘एवढं फिरवत काय बसलीस गं? आमच्याकडे मडकं उलटं घालतात, आग लावतात आणि गप्पा मारत बसतात.’ आजी माहेरच्या पोयनाडच्या. अलिबाग-पेणकडे थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लावतात, ती त्यांना आठवली होती. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेलं मसाल्याचं चिकन, तोंडाशी पुन्हा पाला. पाण्याचा थेंबही नाही. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा नि काटक्या रचून पेटवायचं. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्रकन उडालं की पोपटी झाली. पाल्याचाच दमट वाफारा आतला जिन्नस शिजवतो. सोलापूरकडच्या हुरड्याची आगटी काय किंवा ही पोपटी काय, भोवती बसून, हात भाजून घेत, गरम गरम खायचं. भाच्याला वाटत होतं, ही कल्पना आपण विमानातून आणली.

आजींना खिडकीतूनच कणसाचे दाणे सोलून दिले, दातांमुळे. धुराबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. ‘लिंबू कमी आहे,’ एवढं मात्र म्हणाल्या.

तुमच्यापैकी पुष्कळांना कंपाउंड मिळणार नाही, हे मला माहीत आहे. पण म्हणून काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत कोळसा पेटवू नका. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येत राहतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद जागेत तो जीव घेतो. त्यापेक्षा विजेची ग्रिल किंवा जाड बिडाचा तवा बरा. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२५ च्या जानेवारीत बेकऱ्या आणि हॉटेलांच्या कोळसा-लाकडाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणायला सांगितलं, ते शहराच्या हवेसाठीच. तो आदेश धंद्याच्या भट्ट्यांबद्दल होता, पण हवा तीच आहे. स्वाद हवा असेल तर तव्यावर भाजलेले तुकडे पातेल्यात घ्या, मध्ये वाटीत एकच पेटता कोळसा ठेवा, त्यावर तुपाचे चार थेंब सोडा आणि पाच मिनिटं झाकण ठेवा. खिडकी उघडी ठेवून. एका कोळशात पंधरा माणसांचं काम होतं. खरं सांगायचं तर, डोळे मिटून खाल्लं तर दहातल्या सात जणांना फरक कळत नाही. माझ्या क्लासमधल्या बायकांवर मी हे करून पाहिलं आहे.

साडेसहाला मुलांनी निळे टी-शर्ट चढवले. विझत आलेल्या निखाऱ्यांवर मी पाव उलटे घालून शेकले, त्यांत राहिलेलं पनीर आणि पुदिन्याची चटणी भरून प्रत्येकाच्या हातात एकेक दिला. तो गेटपर्यंत जाता जाताच संपला. मग मी आणि नणंद राखेपाशी बसलो. वरून विझलेला कोळसा आत तासन्‌तास जिवंत असतो, म्हणून पाणी ओतायचं, ढवळायचं आणि पुन्हा ओतायचं. रात्री भाच्याचा फोन आला तेव्हा दुसरी बादली ओतून झाली होती आणि पत्र्याच्या डब्याला हात लावला तर तो अजून कोमट होता.