वंशावळीचे मोल
(अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)

मित्रहो, कुलीनतेचा दावा करणाऱ्याला आपण सहसा विचारतो : तुझे स्वतःचे कर्तृत्व काय? मध्ययुगीन जर्मनीच्या इतिहासकारांनी त्याहून अडचणीचा प्रश्न विचारला : तुझा आजा कोण, हे तरी तुला नक्की ठाऊक आहे काय?

11व्या शतकापर्यंत जर्मन सरदारांना आडनावे नव्हती. कागदोपत्री सापडतो तो नुसता कोनराड, नुसता हेरमान. रायखेनाउच्या मठात 824च्या सुमारास एक स्मरणग्रंथ सुरू झाला. ज्यांच्यासाठी प्रार्थना करावयाची, अशा जिवंत व मृतांची सुमारे 38 हजार नावे त्यात आहेत. परंतु कोण कोणाचा कोण, हे बहुधा लिहिलेले नाही. गेर्ड टेलेनबाख आणि त्यांचे शिष्य कार्ल श्मिड यांनी अशा याद्यांतील नावांचे पुंजके तपासले. 1957 साली श्मिड यांनी मांडले की, आरंभीचे सरदार मातृकुल, पितृकुल, सासर अशा सर्व बाजूंनी, जिकडे सत्ता व मान अधिक तिकडून आपले नाते सांगत. बापाकडून मुलाकडे उतरणारे आणि गढीच्या नावाने ओळखले जाणारे घराणे नंतर घडले. पुढील अभ्यासकांनी या सिद्धान्ताला मुरड घातली. तरी गढी व अधिकार वंशपरंपरागत होत गेले तसतसा वंशही रेखीव होत गेला, हे त्यातील मर्म विसरता येत नाही.

राजा फ्रीडरिश बार्बारोसा याचेच पाहा. 1153 साली त्याला आपली राणी आडेला हिच्याशी झालेला विवाह मोडावयाचा होता. दोघे एकाच रक्ताची असल्याचे सिद्ध झाले, तर चर्च संमती देणार होते. त्यासाठी वंशवृक्ष तयार झाला. तो सुरू होतो फ्रीडरिश व बेर्टा या भावंडांपासून. हा फ्रीडरिश म्हणजे राजाचा खापरपणजोबा, आणि त्याच्याविषयी तेथे नावापलीकडे काहीही नाही! एवढ्या बलाढ्य राजकुळाच्या पूर्वजांची ही साक्ष आपल्यापर्यंत पोहोचली, ती एका काडीमोडीच्या निमित्ताने.

हा केवळ नावांचा खेळ नव्हे. 1002 साली राजपदासाठी श्वाबियाचा ड्यूक दुसरा हेरमान उभा राहिला व हरला. तो उमेदवार कोणत्या आधारावर होता? वेल्फ घराण्याच्या 12व्या शतकातील बखरीत कुनो नावाच्या सरदाराचा उल्लेख आहे. त्याची पत्नी सम्राट पहिल्या ओटोची कन्या, असे बखरकार म्हणतो. 1980 साली आर्मिन वोल्फ यांनी सुचविले की, कुनो म्हणजे 997 साली वारलेला ड्यूक कोनराड, त्याची पत्नी ओटोची नात, आणि हेरमान त्यांचा पुत्र. एडुआर्ड ह्लाविच्का यांनी वोल्फ यांच्या मांडणीला कसून विरोध केला. वोल्फ यांचे म्हणणे मान्य केले, तर त्या काळची 'राजाची निवड' ही वारसांच्या आपसांतील निवड ठरते. अमान्य केले, तर रक्ताखेरीज अन्य बळावरही सिंहासनावर हक्क सांगता येत होता, असे म्हणावे लागते. एका स्त्रीचा बाप कोण, यावर राज्यव्यवस्थेचे स्वरूप अवलंबून राहते!

मित्रहो, प्र्यूमच्या मठाची 893 सालची नोंदवही उपलब्ध आहे. कुळांनी वेठ किती करावयाची, कोंबड्या किती आणि अंडी किती द्यावयाची, हे तीत बारकाईने टिपले आहे. सरदारांचे आजे-पणजे अंधारात राहिले. कुळाकडून येणाऱ्या अंड्यांचा हिशेब मात्र कोणी चुकू दिला नाही.