दृष्टीचे इशारे

डोळ्यांपुढे काजवे चमकले, डोळ्यांसमोर अंधारी आली, दिवसा तारे दिसले, असे आपण बोलताना सहज म्हणून जातो. या वाक्प्रचारांमागे माणसाचा खराखुरा अनुभव आहे. बाहेर जे नाही तेही दृष्टी कधी कधी दाखविते. अशा वेळी काही माणसे घाबरून जातात, तर काही 'वयोमानाने होतेच' असे म्हणून स्वस्थ बसतात. या दृश्यांपैकी पुष्कळशी निरुपद्रवी असतात. परंतु काहींच्या बाबतीत एका दिवसाचा विलंबही फार महागात पडतो. त्यांतील भेद कसा ओळखावा, याचा आज विचार करावयाचा आहे.

निरभ्र आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहताना अनेकांना काळसर ठिपके, धागे, कोळिष्टकासारखे तुकडे तरंगताना दिसतात. नजर वळवावी तसे तेही पळतात. डोळ्याचा गोल एका दाट, पारदर्शक द्रवाने भरलेला असतो. वय वाढते तसा तो द्रव पातळ होतो, त्यातील तंतूंचे पुंजके बनतात आणि त्यांची सावली मागच्या दृष्टिपटलावर पडते. आपल्याला दिसते ती ही सावली होय. वर्षानुवर्षे तेच दोनचार ठिपके दिसत असतील, तर काळजीचे कारण नाही.

साधारणपणे पन्नाशीनंतर हा द्रव आकसून दृष्टिपटलापासून सुटू लागतो. बहुतेकांच्या बाबतीत ही क्रिया निर्वेध पार पडते. पण एखाद्या जागी तो घट्ट चिकटून राहिला, तर पटलाला ओढ बसते. दृष्टिपटलाला वेदना ठाऊक नाही; त्याला प्रकाशाची एकच भाषा येते. म्हणून ओढ बसली तरी ते विजेसारख्या चमकीनेच सांगते. अंधारात, डोळा हलविताना, नजरेच्या कडेला क्षणभर लखलखते. पटल फाटले की नव्या ठिपक्यांचा एकाएकी वर्षाव होतो, आणि त्या छिद्रातून द्रव शिरून पटल सुटू लागले की एका बाजूने काळा पडदा सरकत आल्याचा भास होतो. मोठ्या आकड्याचा वजा चष्मा असणाऱ्यांना, डोळ्याला मार लागलेल्यांना आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना हा धोका अधिक.

एके काळी हा आजार जवळजवळ असाध्य समजला जाई. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील नेत्रवैद्य झ्यूल गोनँ यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की पटलातील छिद्र शोधून ते बंद केले तर दृष्टी वाचते. आज नुसते छिद्रच असेल तर ते लेसरने, बहुधा रुग्णालयात न राहता, सांधता येते. पटल सुटले तर शस्त्रक्रिया करावी लागते, आणि मधला भाग सुटण्यापूर्वी ती झाली तर फळ पुष्कळच चांगले मिळते. आपल्याकडे मात्र 'मोतीबिंदू असेल, पिकू द्या' असे म्हणून दिवस काढले जातात. पडदा सरकत येतो तो मोतीबिंदू नव्हे. मोतीबिंदू थांबू शकतो. सुटलेले पटल थांबत नाही.

चमक दिसली की ती दृष्टिपटलाचीच असते, असेही नाही. अर्धशिशीच्या काही रुग्णांना डोके दुखण्यापूर्वी लहानसा झगमगता ठिपका दिसतो. त्याची नागमोडी, दातेरी कड हळूहळू पसरते आणि सुमारे वीस मिनिटे ते अर्ध्या तासात सर्व विरून जाते. ह्यूबर्ट एअरी या इंग्रज वैद्याने १८७० साली स्वतःला दिसलेल्या अशा आकृतींची चित्रेच प्रसिद्ध केली. हा प्रकार मेंदूत घडतो, म्हणून कोणताही एक डोळा झाकला तरी तो दिसतच राहतो. तथापि उतारवयात असे प्रथमच घडले, तर वैद्यकीय सल्ला घ्यावाच.

दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसणे मोतीबिंदूतही संभवते. पण त्याबरोबर डोळा लाल झाला, डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. आपल्या घरांत डोकेदुखी आणि उलटी म्हणजे पित्त, हा ठरलेला निदाननिर्णय. मग सुंठ नि आवळा देण्यात रात्र जाते, आणि डोळ्यातील वाढलेला दाब तेवढ्या वेळात दृष्टितंतूंची कायमची हानी करून बसतो.

खिडकीचे सरळ गज वाकडे दिसू लागले, किंवा वाचताना ओळीच्या मध्यभागी डाग पडला, तर दृष्टिपटलाचा मध्यबिंदू बिघडत आहे असे समजावे व काही दिवसांतच तपासणी करून घ्यावी. मधुमेह असलेल्यांनी तर काही दिसेनासे होण्याची वाट न पाहता दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. प्रारंभी त्यातील बिघाड मुळीच जाणवत नाही.

एका डोळ्याची दृष्टी एकाएकी गेली, मग ती काही मिनिटांत परत आली तरी, अथवा एकाएकी एकाच्या जागी दोन दिसू लागले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, हातातील बळ गेले, तर चष्म्याच्या दुकानाकडे न जाता तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. तो पक्षाघाताचा इशारा असू शकतो.

आणखी एक गोष्ट सहानुभूतीने सांगावीशी वाटते. दृष्टी फार मंदावलेल्या वृद्धांना कधी कधी माणसे, फुले, इमारती स्पष्ट दिसतात. शार्ल बॉने यांनी १७६० साली आपल्या आजोबांचा असाच अनुभव नोंदवून ठेवला. त्या वृद्धाची बुद्धी शाबूत होती. डोळ्यांकडून येणारे चित्र तुटले की मेंदू आपली चित्रे रंगवितो, इतकेच. अशा आजी-आजोबांना वेडे ठरवू नये, बाधा झाली असेही म्हणू नये. त्यांना धीर द्यावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी, प्रत्येकाला करता येईल असा एक उपाय. आपण दोन्ही डोळ्यांनी पाहतो. त्यामुळे एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि बिघाड महिनोन्महिने लपून राहतो. अधूनमधून एक डोळा तळहाताने झाकावा, दुसऱ्याने भिंतीवरील दिनदर्शिका वाचावी. मग डोळा बदलावा. त्यात फरक आढळला, तर तो कधी आणि कसा सुरू झाला हे टिपून ठेवावे आणि नेत्रतज्ज्ञांना तसेच सांगावे. पुण्यात असा, इंदुरात असा की हैदराबादेत, अचानक आलेला बदल मात्र त्याच दिवशी दाखवावा. डोळा दुखत नाही, एवढ्यावरून तो सुरक्षित आहे असे मानू नये.