ताटवाटी वेगळी, हवा मात्र तीच

(वस्तीतील महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



वस्तीत काम करताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. नवऱ्याला टीबी झाला की बायको त्याला अंडी-दूध पुरवते, गोळ्यांची आठवण ठेवते. तोच आजार सुनेला झाला की तिची ताटवाटी वेगळी होते, पुष्कळदा तिची रवानगी माहेरी होते. कारण विचारले तर उत्तर मिळते, "आम्हाला लागेल ना!" म्हणून टीबी लागतो कसा, तेच आज समजून घेऊ.

हा आजार जंतूंमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिले. फुप्फुसाचा टीबी झालेली व्यक्ती खोकते, शिंकते, बोलते तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म थेंब हवेत जातात. कोंदट खोलीत ते काही तास तरंगतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात उतरतात. ताटवाटीतून, कपड्यांतून, हात धरल्याने टीबी पसरत नाही. मग ताट वेगळे करून कोणाचे रक्षण झाले? रक्षण होते ते उघड्या खिडकीने, तोंडावर पदर धरून खोकण्याने आणि वेळेवर सुरू केलेल्या औषधांनी.

जंतू शिरला म्हणजे आजार झालाच असे नाही. शरीरातल्या पेशी त्याला घेरून कोंडून ठेवतात. लागण झालेल्या शंभरांपैकी ५ ते १० जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. कुपोषण, एचआयव्ही, मधुमेह, तंबाखू यांमुळे हा पहारा ढिला पडतो. मग जंतू वाढतात, फुप्फुस पोखरतात. झारखंडमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. रुग्णाबरोबर घरच्यांनाही जादा शिधा दिला, त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण इतर घरांपेक्षा जवळपास ४० टक्क्यांनी कमी राहिले. सगळ्यांच्या मागून उरलेसुरले खाणाऱ्या बाईसाठी याचा अर्थ काय, तो तुम्हीच सांगा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासणी करा. लाजून नुसती लाळ देऊ नका, छातीतून खोकून काढलेला बेडका द्या. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. मंडळाने एवढे जरूर पाहावे: ते पैसे तिच्याच खात्यात जमा होतात का, आणि त्यातले अन्न तिच्याच ताटात पडते का?