घाबरणाऱ्या कुत्र्याला कुठलं सप्लिमेंट द्यायचं? डबी मागवण्याआधीचा हिशोब

(या भागात बोललेलं जवळजवळ जसंच्या तसं इथे लिहून देतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी.)

आजचा भाग कुत्र्यांवर आहे, आणि तोही घाबरणाऱ्या कुत्र्यांवर. दिवाळी जवळ आली की तुमच्यापैकी बरेच जण एकच प्रश्न पाठवता, "याला शांत करायला यातलं कुठलं घेऊ?" आणि खाली तीन डब्यांचे स्क्रीनशॉट. तिन्हींवर गाढ झोपलेल्या लॅब्रॅडॉरचा फोटो. तिन्हींना साडेचार स्टार.

आधीच सांगतो, मी व्हेट नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. पण आमच्या घरी भिंगरी आहे. देशी, चार वर्षांची, १८ किलो. तिला दोन त्रास आहेत. एक म्हणजे आवाज. आम्ही कर्वेनगरला राहतो, म्हणजे गणपतीच्या कितीतरी आधीपासून नदीपात्रातल्या ढोलपथकांचा सराव घरबसल्या ऐकू येतो, आणि दिवाळीत सुतळी बॉम्ब असतातच. दुसरा म्हणजे एकटं राहणं. माझं ऑफिस आठवड्यातून तीन दिवस सुरू झालं आणि ती भुंकायला लागली. सोसायटीची चिठ्ठी आली, "पुन्हा तक्रार आल्यास घरमालकांना कळवण्यात येईल." भाड्याच्या घरात या वाक्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहितीये. आई म्हणाली, "गावाला सोडू या का तिला, मोकळं राहील बिचारी." त्यामुळे माझ्यासाठी हा प्रश्न हौसेचा नव्हता. भिंगरी घरात राहणार की नाही, इथपर्यंत गोष्ट आली होती.

आधी भीती कुठली ते ठरवा

बग रिपोर्टमधे कुणी नुसतं "चालत नाहीये" लिहिलं तर आपण काय विचारतो? कधी, कुठे, कशानंतर? इथेही तेच. फटाक्यांची भीती वर्षातले ठरावीक दिवस असते. एकटं राहण्याची भीती रोजची असते. पाहुण्यांची भीती तिसरीच. या तिन्हींना एकच डबी चालेल असं धरून चालू नका.

आणि दुखणं तपासा. २०१८ मधे लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास आला होता. आवाजाला घाबरणारे २० कुत्रे, त्यातल्या १० जणांना सांध्या-स्नायूंचं दुखणं. दुखणं असलेल्यांमधे ही भीती सरासरी जवळपास चार वर्षं उशिरा सुरू झाली होती. विचार करा, दचकल्यावर अंग आखडतं, आधीच दुखत असेल तर जास्त दुखतं, आणि मग आवाज म्हणजे दुखणं असं समीकरण डोक्यात पक्कं बसतं. म्हणून तुमचा सात-आठ वर्षांचा कुत्रा आत्ता अचानक फटाक्यांना घाबरायला लागला असेल, तर आधी व्हेटकडे जा. पाय, कंबर, कान दाखवा. डबी नंतर.

डबीत नेमकं असतं काय?

आता मुख्य मुद्दा. बाजारात नावं शंभर असली तरी आतले घटक साधारण तेच आठ-दहा असतात. मोठे मोठे सांगतो.

पहिला, अल्फा-कॅसोझेपीन. हे दुधातल्या केसीन प्रथिनापासून बनवतात. झायलकीन नावाच्या कॅप्सूलमधे हेच असतं. २००७ मधे ३८ कुत्र्यांवर एक चाचणी झाली होती. त्यात हे सेलेजिलीन या औषधाच्या तोडीस तोड दिसलं. पण त्यात साखरेच्या गोळीचा, म्हणजे प्लासिबोचा गट नव्हता. म्हणजे दोन्ही गट सुधारले हे कळतं. दोन्ही नुसत्या वेळेने आणि लक्ष देण्याने सुधारले का, ते कळत नाही.

दुसरा, एल-थिअनिन. हे चहाच्या पानात असतं. बीगल कुत्र्यांवरच्या एका छोट्या अभ्यासात अनोळखी माणसांची भीती कमी झालेली दिसली. आणि चहात असतं म्हणून कुणी कुत्र्याला चहा पाजू नका हं! चहातलं कॅफिन कुत्र्यांना घातक आहे.

तिसरा, ट्रिप्टोफॅन. शरीर यापासून सेरोटोनिन बनवतं. तर्क ठीक आहे, पुरावा उलटसुलट.

चौथा, मेलाटोनिन. आवाजाच्या भीतीसाठी काही व्हेट सुचवतात. पण माणसांच्या मेलाटोनिन गमी कुत्र्याला देऊ नका. कारण पुढे सांगतो.

पाचवा, प्रोबायोटिक. बिफिडोबॅक्टेरियम लाँगम नावाच्या जिवाणूची एक खास जात आहे. २४ लॅब्रॅडॉरवर अभ्यास झाला, निकाल चांगला आला, पण अभ्यास विकणाऱ्या कंपनीचाच. याला परिणाम दिसायला सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे धनत्रयोदशीला मागवून काही उपयोग नाही.

मग आपली नेहमीची मंडळी, अश्वगंधा, कॅमोमाइल, व्हॅलेरियन. माणसांमधे यांची चर्चा खूप, कुत्र्यांमधे पुरावा फार कमी. "नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना" असं म्हणतात लोक. अहो, धोतराही नैसर्गिकच आहे.

आणि सीबीडी. यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. काही कुत्र्यांमधे लिव्हरचे आकडे वाढतात, आणि तेलात टीएचसी शिल्लक असेल तर ते कुत्र्यांना विषारी असतं. व्हेटच्या देखरेखीशिवाय नको.

लेबल वाचायची पद्धत

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. डबी उलटी करा आणि तीन आकडे शोधा. घटक किती मिलिग्रॅम, तुमच्या कुत्र्याचं वजन किती, आणि अभ्यासात किलोमागे किती वापरलं होतं.

उदाहरण घेऊ. कॅसोझेपीनच्या त्या चाचणीत रोज किलोमागे १५ मिलिग्रॅम दिलं होतं. भिंगरी १८ किलोची. १८ गुणिले १५, म्हणजे २७० मिलिग्रॅम. आता माझ्याकडे आलेल्या एका स्क्रीनशॉटमधल्या च्यूमधे हा घटक होता १० मिलिग्रॅम. म्हणजे भिंगरीला रोज २७ च्यू! डबीत ३० होते. एका दिवसात डबी संपली. समोर मोठ्या अक्षरात घटकाचं नाव होतं, ते खोटं नव्हतं. फक्त तेवढ्याने काही होणार नव्हतं.

दुसरी गंमत म्हणजे "खास मिश्रण ६०० मिलिग्रॅम". आत सात घटक आणि कुणाचाच वेगळा आकडा नाही. सारखे वाटले तर प्रत्येकी ८५ च्या आसपास. पण सारखे वाटलेत हे कशावरून? स्वस्त घटक ५९० आणि महागडा १० असंही असू शकतं. माझा नियम सोपा आहे. आकडा लिहिलेला नाही, तर कार्टमधून काढून टाक.

तिसरं, एकावेळी एकच घटक. सात घटकांच्या च्यूने फरक पडला तर कशाने पडला कळणार नाही, आणि पोट बिघडलं तरी कशाने ते कळणार नाही. एकाच कमिटमधे सात बदल ढकलल्यासारखं आहे ते.

फरक पडला हे कसं कळणार?

सगळ्यात अवघड प्रश्न हा आहे. कुत्रा सांगत नाही. आपण पैसे मोजलेले असतात, आपल्याला फरक दिसायचाच असतो. फटाकेही दर वर्षी सारखे वाजत नाहीत.

मी काय केलं सांगतो. घरात पडलेला जुना फोन स्टँडवर लावला. बाहेर पडल्यावरच्या पहिल्या तासाचं रेकॉर्डिंग, कारण एकटेपणाची भीती बहुतेक वेळा सुरुवातीच्या अर्ध्या-पाऊण तासात जोरात असते. पहिले दोन आठवडे काहीच दिलं नाही, नुसतं मोजलं. नंतर व्हेटना विचारून चार आठवडे कॅसोझेपीन. आणि मोजायचं काम मी स्वतः केलं नाही. नाशिकला माझी ताई असते, तिला तारखा काढून क्लिप पाठवायचो. कुठली क्लिप कधीची हे तिला माहीत नसायचं. ती नुसती मिनिटं मोजायची आणि वर म्हणायची, "तुला दुसरी कामं नाहीत का रे?"

निकाल ऐका. काही न देता पहिल्या तासात सरासरी २६ मिनिटं भुंकणं. सप्लिमेंटवर २१. पाच मिनिटांचा फरक. खरा असेल, योगायोगही असेल, इतक्या कमी दिवसांवरून ठामपणे काही म्हणता येत नाही. पण एक ठामपणे म्हणता येतं, की खालच्या मजल्यावरच्या काकूंसाठी २६ आणि २१ सारखेच.

मग सप्लिमेंट थांबवून सराव सुरू केला. चपला घालायच्या, किल्ली उचलायची, आणि परत बसायचं. दाराबाहेर दहा सेकंद. मग तीस. मग दोन मिनिटं. ती अस्वस्थ होण्याआधी परत यायचं. ऑफिसच्या दिवशी शेजारच्या कॉलेजच्या मुलीला पहिले दोन तास घरी बसायला सांगितलं, कारण सराव चालू असताना तिला एकटं सोडलं तर केलेलं पुसलं जातं. डबीचे पैसे त्या मुलीकडे वळवले. नंतर तिचा वेळ हळूहळू कमी केला. आता भिंगरी एकटी असते तेव्हा सरासरी सात मिनिटं. गेले तीन महिने चिठ्ठी नाही.

आवाजाच्या भीतीचं काय?

२०२० मधे बर्न विद्यापीठाच्या स्टेफनी रीमर यांचं एक सर्वेक्षण छापून आलं. १२२५ कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, फटाक्यांसाठी तुम्ही काय केलं आणि किती उपयोग झाला? सप्लिमेंट, वनस्पती, फेरोमोन, होमिओपॅथी, बाख फ्लॉवर, या सगळ्यांना "उपयोग झाला" म्हणणारे २७ ते ३५ टक्के. हे प्लासिबोने मिळेल तेवढंच, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. अंगाला घट्ट बसणारं जॅकेट, ४४ टक्के. आणि आवाज झाला की लगेच खाऊ किंवा खेळ, ७० टक्क्यांहून जास्त. शांत होण्याचा सराव आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं, दोन्ही ७० टक्क्यांच्या आसपास.

ही मालकांनी सांगितलेली मतं आहेत, प्रयोगशाळेतली मोजमापं नाहीत. तरी क्रम बघा. फुकटातली गोष्ट सगळ्यात वर. फटाका वाजला की चिकनचा तुकडा. धडाम, चिकन. धडाम, चिकन. "घाबरल्यावर लाड केले तर भीती वाढते" असं बरेच जण सांगतात. भीती ही भावना आहे, ती काही खाऊसाठी केलेली युक्ती नाही. कुत्रा जवळ आला तर जवळ घ्या, बिनधास्त.

आणि कुत्रा खाण्याच्याही पलीकडे गेला असेल, थरथरतोय, लाळ गळतेय, दार ओरबाडून नखं रक्ताळलीत, तर सप्लिमेंटवर दिवाळी काढू नका. व्हेटकडून औषध घ्या. यासाठी औषधं आहेत. हो, एक काळजी घ्या. नुसतं "झोपेचं काहीतरी द्या" म्हणू नका. एसप्रोमॅझीनसारखं औषध एकटंच दिलं तर कुत्रा पडून राहतो, पण भीती आत तशीच असू शकते. फक्त पळता येत नाही. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "याने भीती कमी होईल की नुसती हालचाल?" आणि डोसची चाचणी दिवाळीआधी एखाद्या शांत दिवशी त्यांच्या सल्ल्याने करून बघा.

हे अजिबात नको

झायलिटॉल. गमी, शुगर-फ्री गोळ्या, काही पातळ औषधं यात ही गोडी असते. कुत्र्यांमधे रक्तातली साखर झपाट्याने उतरते, लिव्हर निकामी होऊ शकतं. मेलाटोनिन गमीला नाही म्हणालो ते यासाठी.

फाइव्ह-एचटीपी, लेबलवर कधी ग्रिफोनिया नावाने. जास्त झालं तर कुत्र्याला झटके येऊ शकतात. फ्लुओक्सेटीन, क्लोमिप्रामीन किंवा ट्रॅमाडॉल चालू असेल तर ट्रिप्टोफॅनसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

आजीची झोपेची गोळी नको. आणि "दोन घोट बिअर पाज, झोपेल" असं सांगणाऱ्या मित्राला कुत्र्यापासून लांब ठेवा.

तर थोडक्यात. आज व्हेटची वेळ घ्या. या आठवड्यात दोन-तीन रेकॉर्डिंग करा, डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा ते जास्त कामाला येतं. सप्लिमेंट घ्यायचंच असेल तर एक घटक, आकडा छापलेला, वजनाप्रमाणे, आणि डॉक्टरांना सांगून. महिनाभरात मोजून फरक दिसला नाही तर बंद. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर आजच लिहा, कारण दिवाळीत कुत्री हरवतात. संध्याकाळचं फिरणं फटाके सुरू व्हायच्या आधी उरका, खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, आतल्या खोलीत तिची गोधडी टाका.

तुमच्या कुत्र्याचं नाव आणि तो कशाला घाबरतो ते व्हॉइस नोटमधे पाठवा. पुढच्या भागात एका व्हेटना बोलावतोय, त्यांना विचारू. भेटू या. तोवर काळजी घ्या, आणि चिकनचे तुकडे खिशात ठेवा!